मुंगळ्यांचा पाहुणचार

'जो गुळाने मरतो त्याला विष कशाला?' असं विचारणाऱ्या आपल्या पूर्वजांना दोन्ही एकाच बशीत घालता येतात हे सुचलेलं दिसत नाही. चपलेने मारलं तर मरणाऱ्याला निदान कळतं तरी, की आपलं आणि ह्याचं बिनसलंय. गोड खाऊ घालून मारण्याला काय म्हणायचं?

वसईचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना मोरीच्या दाराची चौकट कशी होते ते सांगायला नको. चहात विसरलेल्या बिस्किटासारखी! असल्या लाकडात मुंगळे बिऱ्हाड करतात. इंग्रजीत ह्या जातीला 'सुतार' म्हणतात, ते रास्तच. वाळवी लाकूड खाते. मुंगळा नुसतं पोखरतो, भुसा बाहेर आणून टाकतो आणि आत खोल्या काढतो. परवानगीशिवाय खोल्या काढणारा वसईतला तो काही पहिला नव्हे.

फवारा मारून भागत नाही. बाहेर दिसतात ते ड्यूटीवर निघालेले. राणी आणि पिल्लं आत सुखरूप. म्हणून आमिष. साखरेच्या पाण्यात बोरिक पावडर (हो, कॅरमवर टाकतात तीच), शंभराला एक. एक टक्का! ह्या दराने आमच्या बँकेत कुणी ठेव ठेवणार नाही. पण प्रमाण वाढवलं की मुंगळा तोंड लावत नाही, नाहीतर वाटेतच आटोपतो. तो घरी पोचला पाहिजे. त्याला दोन पोटं असतात: एक स्वतःचं, एक सार्वजनिक. बाहेर प्यालेलं तो सार्वजनिक पोटात साठवतो आणि घरी जाऊन तोंडाने भरवतो. बहिणींना, पिल्लांना, राणीला. (कामकरी मुंगळे सगळे बाईमाणूसच असतात. मला आश्चर्य वाटलं, बायकोला नाही.)

म्हणजे मारतं ते नुसती पावडर नव्हे, वाटून खाणं मारतं. मुंगळा आप्पलपोटा असता तर एक गेला असता, बाकीचे वाचले असते. हीच बशी आमच्या सोसायटीच्या जिन्यात ठेवली तर फार तर एक सभासद दगावेल.

आईने जन्मभर झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना पीठ-साखर घातली. ती म्हणाली, "मारायचं तर मार बाबा, पण जेवायला बसवून नको."

इथून जवळच, भुईगावला, १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. नोकरांशी नीट वागावं, प्राणिमात्रांशी संयम ठेवावा हा खरा विधी, असा त्या लेखाचा आशय. संयम किती टक्के, ते सम्राटांनी सांगितलेलं नाही. त्यांच्या मोरीला लाकडी चौकट होती की नाही तेही कळायला मार्ग नाही.

खरा उपाय तिसराच: गळती बंद करायची, कुजलेली चौकट काढायची. ओल गेली की मुंगळ्यांना तिथलं घर गैरसोयीचं होतं. पण त्याला प्लंबर लागतो, सुतार लागतो आणि पैसे लागतात. बशीला चमचाभर साखर पुरते. म्हणजे आपण दगा देतो तो स्वस्त पडतो म्हणून, हे जमाखर्चात स्वच्छ दिसतं. बायकोनेही मांडून पाहिलं आणि बशी घासून आणली.

सुताराला निरोप धाडलाय, दोन पायांच्या. तो म्हणतो, पाऊस थांबेपर्यंत चौकटीला हात लावणार नाही. साखरेचं पाणी तयार आहे. पावडर मुलाकडे आहे. त्याचा डाव चाललाय.