दावणीचं देणं

आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पट्ट्यात नवख्या घराची चौकशी करायची एक रीत आहे. जमीन किती, विहिरीला पाणी किती, पोरगा कुठं कामाला, हे सगळं विचारून झालं की शेवटी प्रश्न येतोच, "गाडा हाये का?" हा गाडा म्हणजे शेणखत वाहायची बैलगाडी नव्हे. शर्यतीचा बैलगाडा. तो ज्याच्या दावणीला, तो गाडामालक. कर्ज कितीही असलं तरी गाडामालकाला गावात ओट्यावर बसायला जागा करून देतात.

ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, शर्यतीसाठी तयार केलेली चढाची धाव. गाड्याला चार बैल. मागं गाड्याशी दोन, त्यांना जुकाट म्हणायचं. पुढं दोन, ते कांडं. त्यांच्याही पुढं एक घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर गाडीवान नसतो. खालून पोरं बैल सोडतात, भोंग्यावरचा माणूस "भिर्रर्र" करतो आणि वर निशाणाला बैल पोचले की घड्याळ थांबतं. अकरा-बारा सेकंदांचा खेळ. निमगावच्या खंडोबाची यात्रा असो की थापलिंगची, त्या अकरा सेकंदांसाठी माणसं वर्षभर दावणीत राबतात. बारी चांगली झाली की भंडारा उधळतो, गुलाल उडतो आणि फेटा बांधला जातो तो मालकाच्या डोक्याला.

पळतो बैल आणि फेटा मालकाला, हे लहानपणी मला विचित्र वाटायचं नाही, कारण सगळीकडं तसंच होतं. पुढं नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि घोड्यांची शर्यत पाहिली. तिथंही तेच. मुंबईत महालक्ष्मीला 1883 पासून घोडे पळतात आणि पावसाळ्यात पुण्याचा हंगाम असतो. घोड्याला शिकवतो ट्रेनर, पळवतो जॉकी, खरारा करतो मोतद्दार. मालक हिरवळीवर उभा राहतो आणि जिंकल्यावर घोड्याचा लगाम हातात धरून फोटो काढतो. माणसं वेगळी, कपडे वेगळे, पण फोटो आमच्या ओट्यावरच्या फोटोसारखाच.

मग मालकाचं नेमकं असतं काय? पैसा म्हणावा तर तो बहुतेकांचा जातोच. माझ्या चुलत्यांकडं, तात्यांकडं, गाडा होता. त्यांच्या घरात उडीद, गव्हाचं पीठ, दूध, अंडी यांचा हिशोब आधी बैलांचा आणि उरलं तर माणसांचा असे. काकी म्हणायची, "म्या बैल झाले असते तर मलाबी रतीब लागला असता." बक्षीस आलं तरी ते घोडीवाला, टेम्पोचं भाडं, सोबत आलेल्या पोरांचं जेवण यांत संपायचं. एखाद्या वर्षी ओळीनं तीन यात्रा गाजायच्या, बैलाला मागणी यायची, आणि चौथ्या यात्रेआधी बैलाचा पाय मुरगळायचा. काल ज्याला लाखांत मागितलं, त्याला आज कुणी विचारत नाही. 2022 साली लम्पी आली तेव्हा तर महाराष्ट्रभर गोठ्यांतच जनावरं आजारी पडली. घोड्यांच्या धंद्यातही हेच. लाखो रुपयांचं शिंगरू एकही शर्यत न जिंकता बाद होतं. आणि जिंकला तरी हँडिकॅपच्या शर्यतीत त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी जास्त वजन ठेवतात, म्हणजे मागच्या यशाचा भार पुढच्या वेळी अंगावर घेऊनच त्याला पळायचं.

तरी माणसं हा शौक सोडत नाहीत, कारण त्यांना जे हवं असतं ते दुसरीकडं मिळत नाही. चार एकरांच्या शेतकऱ्याचं नाव दहा हजार माणसांसमोर भोंग्यावर कधी पुकारलं जातं? कांद्याचा भाव त्याच्या हातात नाही, पाऊस नाही, पोराची नोकरी नाही. त्या अकरा सेकंदांत त्याला वाटतं की आपल्या हातात काहीतरी आहे. या शौकाला नुसती हौस किंवा माज म्हणून हसणाऱ्यांना ही भूक दिसत नाही.

पण भूक आपली आणि पाय दुसऱ्याचे, हा खरा पेच. जनावर काही बोलत नाही, नाही म्हणत नाही, करारावर अंगठा करत नाही. बैल आनंदानं पळतो असं गाडामालक म्हणतात. भीतीनं पळतो असं विरोध करणारे म्हणतात. मी दोन्ही पाहिलंय. मोकळं सोडल्यावर शेपूट वर करून उधळणारा खोंडही पाहिलाय आणि बारीआधी शेपटी पिरगाळल्यावर डोळे पांढरे करणारा बैलही. एकाच बैलाची ही दोन्ही रूपं असू शकतात, म्हणून कुठल्याही एका बाजूला शपथ घेऊन सांगता येत नाही.

हा वाद शेवटी कोर्टात गेला. 2011 साली केंद्रानं खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतींवरही बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, त्याला उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियम पाळून शर्यती घ्यायला परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठानं त्या दुरुस्त कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. आता काठी, चाबूक, विजेचा झटका याला मनाई आहे. शर्यती राहिल्या तर खिलार जात राहील, नाहीतर ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल पाळणार कोण, हा गाडामालकांचा मुद्दाही खोटा नाही.

मला मात्र बंदी उठल्याच्या गुलालापेक्षा बंदीची ती साडेसात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पळायचंच नाही म्हटल्यावर पळणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक दावणीला आला. मालकी म्हणजे काय याची परीक्षा घाटात झाली नाही, ती त्या रिकाम्या वर्षांत झाली.

तात्यांकडं तेव्हा चार बैल होते. पहिल्या वर्षी त्यांनी वाट पाहिली. उठेल बंदी, पुढच्या यात्रेला उठेल. मग दोन बैल बेल्ह्याच्या बाजारात विकले आणि तिसरा पाहुण्यांकडं औताला दिला. चौथा हरण्या तेवढा ठेवला. हा कांड्याला पळायचा आणि त्याच्या जिवावर तात्यांनी फेटे बांधून घेतले होते. गावात सगळे म्हणाले, तात्यांनी उपकार जाणले. जिंकून देणाऱ्याला टाकलं नाही.

काकीला हे पटलं नाही. ती एकदा सरळ बोलली, "मग त्या तिघांनी काय घोडं मारलं व्हतं? ते काय पळलं नव्हतं?"

काकीचा प्रश्न मला फार दिवस पुरला. खरंच, जिंकला म्हणून एकाला ठेवायचं आणि बाकीच्यांना नाही, ही कृतज्ञता म्हणायची का? चारही बैल एकाच जूंपणीत धावले. नंबर आला तो चौघांचा आला. नाव झालेल्यालाच जपायचं असेल, तर आपण बैल जपत नाही, आपला फेट्यातला फोटो जपतो. प्रेम यशावर बेतलेलं असेल तर ते अपयश आल्यावर आटणारच, आणि जनावराच्या बाबतीत अपयश म्हणजे म्हातारपण. ते कुणालाच चुकलेलं नाही.

मी एकदा सुट्टीत गावी गेलो असताना तात्यांना हेच विचारलं. "तात्या, तुम्ही हरण्यालाच का ठेवला?" ते दावणीपाशी वैरण टाकत होते. वर न बघता म्हणाले, "आरं, त्या तिघांस्नी औत येत व्हतं. ते कुठंबी गेलं तरी कामाचं. ह्याला आपण जू दावलंच नाय. ल्हानपणापून फकस्त पळायलाच शिकिवलं. आता ह्याला कोन घेनार? आन घेतला तर कशापायी घेनार?"

म्हणजे हरण्या जिंकला म्हणून त्याचं देणं नव्हतं. त्याला दुसऱ्या कशालाच लायक ठेवलं नाही, म्हणून होतं. मला वाटतं, मालकीच्या प्रश्नाचं यापेक्षा नेमकं उत्तर मी कुठं ऐकलं नाही. आपण ज्याच्या बाकीच्या वाटा बंद केल्या, त्याच्या उरलेल्या एका वाटेचा शेवट आपल्याच दारात यायला हवा. या हिशोबानं हरलेल्या बैलाचं देणंही तेवढंच. तोही फक्त पळायलाच वाढवलेला असेल तर नंबर आला की नाही, याचा संबंध येतोच कुठं?

घोड्यांच्या बाबतीत तर या वाटा तीनशे वर्षांपासून बंद करत आणल्यात. शर्यतीचा थरोब्रेड घोडा इंग्लंडात नेलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपासून, केवळ वेगासाठी निवडत निवडत घडवला गेला. त्यातल्याच फर्डिनंड नावाच्या घोड्यानं 1986 साली अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकली. पुढं पैदाशीसाठी त्याला जपानला विकलं, तिथं त्याची मागणी संपली, आणि 2002 साली तो कत्तलखान्यात गेल्याची बातमी वर्षभरानं बाहेर आली. जगभर हळहळ झाली. पण हळहळ झाली ती तो डर्बीविजेता होता म्हणून. त्याच्यासारखे बिननावाचे किती गेले असतील, त्यांची बातमी कशी होणार? तरी एक चांगलं झालं. न्यू यॉर्कमधल्या काही घोडामालकांनी दर शर्यतीमागं थोडी रक्कम निवृत्त घोड्यांसाठी बाजूला काढायला सुरुवात केली आणि त्या रकमेला फर्डिनंडचंच नाव पडलं.

यावर कुणी म्हणेल, डॉलरवाल्यांना जमेल, आमचं काय? बरोबर आहे. बिनकामाचा बैल रोज वैरण खातो, दुष्काळातही खातो. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं थकलेला बैल विकायचा तर घेणारा नाही आणि पोसायचा तर ऐपत नाही, अशी गरीब शेतकऱ्याची कोंडी होते. पगाराच्या खुर्चीत बसून त्याला भूतदया शिकवणं सोपं. नांगराच्या बैलापायी अडलेल्या माणसाला मी बोल लावणार नाही. पण शर्यतीचा गाडा ही गरज नव्हे, तो आपण मागून घेतलेला शौक आहे. शौकाची किंमत बाजारात मोजली तेवढीच धरायची आणि शेवटची सहा-सात वर्षं त्यात धरायचीच नाहीत, हा हिशोब खोटा आहे. ज्या यात्रेत मोटारसायकली आणि ट्रॅक्टर बक्षीस लावतात, तिथल्या कमिटीनं प्रत्येक बारीमागं थोडे पैसे म्हाताऱ्या बैलांच्या वैरणीला काढले, तर मंडप काही आखूड होणार नाही.

हरण्या बंदी उठेपर्यंत जगला, पण तोवर तेरा-चौदा वर्षांचा झाला होता. भोंगा ऐकून कान टवकारायचा, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. बांधाच्या कडेला जेसीबीनं खड्डा घेऊन त्याला पुरला.

आता माझ्या चुलतभावानं पुन्हा गाडा उभा करायचं मनावर घेतलंय. परवा तो एक आदत खोंड बघून आला. चाल कशी, छाती केवढी, किंमत किती, सगळं रंगवून सांगत होता. तात्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हा थकल्यावर बांधायचा कुठं, ते आधी ठरव." भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग खोंड आणला, पण शर्यतीच्या सरावाबरोबर त्याला कुळवालाही जुंपायला लागला. त्यानं वेग कमी होतो, असं त्याचे मित्र म्हणतात. होत असेल.