पहिला प्रश्न

(शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय ४, ओंव्या १ ते १५)



काइनानें हाबेलाचा वध केला, ही कथा आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलों आहों. परंतु त्या वधाच्या आधीं परमेश्वरानें काइनास त्याच्या रागाचें कारण विचारिलें होतें, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. भावाविषयींचा प्रश्न मागाहून, रक्त सांडल्यावर आला.

आमच्या शाळांत बहुधा दुसऱ्याच प्रश्नापासून आरंभ होतो. कोणाचें दप्तर फाटतें, कोणाचें नाक फुटतें, आणि मग शिक्षक धांवत येऊन अपराधी कोण, एवढेंच विचारितात.

हा दोष माझ्याही पदरीं आहे. पाळकाच्या सेवेंत येण्यापूर्वीं मी एका खेड्यांत शिक्षक होतों. एका मुलानें सोबत्यास ढकलून पाडिलें. मीं कांहीं न विचारितां त्यास वर्गादेखत चापट मारिली. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. त्याच्या घरीं गेलों तेव्हां कळलें कीं, त्याची आई नुकतीच वारली होती, व सोबत्यानें तिच्याच नांवानें शिवी दिली होती. मीं क्षमा मागितली. पण तो मुलगा पुन्हां शाळेची पायरी चढला नाहीं.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें मना आहे. परंतु कायदा हात आवरितो. विचारपूस करणें तें आपलें काम.

भांडणाऱ्यांस प्रथम दूर करावें. श्वास फुललेला असतां उपदेश कानीं शिरत नाहीं. म्हणून पाणी द्यावें, थोडें बसूं द्यावें. मग एकेकास एकांतीं विचारावें, आणि मध्यें न बोलतां ऐकावें. शेवटीं दोघांस समोरासमोर आणावें. ज्यानें दप्तर फाडिलें त्यानें तें शिवून द्यावें.

कोणी म्हणेल, विचारूनही काइन कोठें वळला? खरें आहे. प्रत्येक मूल वळेलच असें नाहीं. तथापि परमेश्वरानें विचारिलें. पुढें शिक्षा दिली, तरी त्यास कोणीं जिवें मारूं नये म्हणून त्याजवर खूण ठेविली. अपराधाचें फळ मिळालें, पण आश्रय तुटला नाहीं.

आईबापहो, तुमचें लेंकरूं धुमसत घरीं आलें, तर तेथेंही पहिला प्रश्न आधीं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. प्रभु आपणां सर्वांस तेवढा धीर देवो. आमेन.