दुबळी बंदूक

बंदुकीच्या इतिहासात सगळी चढाओढ ताकदीची दिसते. पल्ला वाढला, मारा वाढला, गोळ्यांचा वेग वाढला. या इतिहासाची एक फांदी मात्र उलट्या दिशेने वाढली. तिथे हुशार कारागिरांनी बंदूक जाणूनबुजून दुबळी केली.

1845 च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने तांब्याच्या स्फोटक टोपीतच बारीक गोळी बसवली. वेगळी दारू भरायचीच नाही, टोपीतल्या मसाल्याचा भडका तेवढा पुरे. अशा बंदुकीने दिवाणखान्यात नेम धरता येई. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या नेमबाज मंडळांना तर हे हवेच होते. उन्हाळ्यात त्यांचे मैदानी मेळे आणि मिरवणुका चालत, पण बर्फ पडला की काय करायचे? मग गावच्या खानावळीच्या दालनात त्सिमरश्टुत्झेन नावाची रायफल आली. तिची गोळी जेमतेम चार मिलिमीटरची आणि अंतर पंधरा मीटरच्या आसपास. बंदूक मात्र खऱ्या स्पर्धेतल्या रायफलीसारखीच वजनदार, हनुवटीला बेतलेला दस्ता आणि फुंकरीने सुटेल असा चाप असलेली. आणि नेम धरायचा तो उभ्याने, टेकू न घेता.

1848 ची क्रांती फसल्यावर बरेच जर्मन अमेरिकेला गेले आणि हा नादही बरोबर गेला. न्यूयॉर्कच्या वेस्ट 23व्या रस्त्यावर झेटलर बंधूंची बंदिस्त नेमबाजीशाळा होती. तिथल्या स्पर्धेत 75 फुटांवरून, बिनटेकूचे, शंभर बार काढायचे. साधन पॉइंट बावीसची आखूड काडतुसे. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त 25 गुण, म्हणजे एकूण 2500. त्या आकड्याच्या पाठीमागे माणसे वर्षानुवर्षे धावली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून जे जे होते ते संशयास्पद ठरले आणि ही मंडळेही रोडावली.

त्या महायुद्धाच्या आधीच इंग्लंडने छोट्या रायफलीकडे निराळ्या नजरेने पाहिले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने हादरलेल्या ब्रिटनमध्ये 1901 साली छोट्या रायफलींच्या क्लबांची संघटना उभी राहिली. हेतू उघड होता, साध्या नागरिकाला सैनिकी कामापुरता नेम शिकवायचा. तिथली नेमबाजी मुख्यतः पालथे पडून होत असे. रणांगणाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, उभा राहणारा सैनिक आधी मरतो.

मला वाटते, उभ्याने नेम धरण्याची ही निरुपयोगिताच त्याला खेळ बनवते. खोलीत वारा नाही, ऊन-सावली नाही, अंतराचा अदमास घ्यायचा नाही. चुकीचे खापर फोडायला बाहेरचे कोणी उरत नाही. उरते ते स्वतःचे शरीर: श्वास, छातीतली धडधड, पाठीला लागलेली रग. उभ्या माणसाची नळी कधीच थांबत नाही, काळ्या ठिपक्याभोवती घुटमळत राहते. नवखा तिला हट्टाने थांबवायला जातो आणि ती आणखी थरथरते. मुरलेला नेमबाज ते घुटमळणे लहान होण्याची वाट पाहतो आणि चाप न झटकता दाबत नेतो.

आजची दहा मीटर एअर रायफल याच फांदीवरची. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ऑलिंपिकमध्ये ती 1984 ला आली. 2008 मध्ये अभिनव बिंद्राने तिच्यावरच सुवर्णपदक मिळवले. त्याच्या चार वर्षे आधी क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत आपल्या सुमा शिरूर यांनी 400 पैकी 400 गुण मिळवले होते. म्हणजे उभ्याने चाळीस छर्रे आणि एकही दहाबाहेर नाही.

आता नेमबाजांची जाकिटे जाड कॅनव्हास-चामड्याची असतात. फार ताठ जाकीट म्हणजे अंगावर चढवलेला टेकूच, म्हणून स्पर्धेआधी त्याची जाडी आणि ताठरपणा मोजतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही कारकुनी वाटेल. पण नळी थोडी तरी हलली पाहिजे, ती पूर्ण थांबवणारे कपडे चालणार नाहीत, असा आग्रह धरणारे हे नियम मला मनापासून पटतात.