सांगोल्याने परत बोलावलेला आमदार

नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि सांगोल्याविषयी एकच गोष्ट सगळीकडे सांगितली गेली: नातवाने आजोबांचा बालेकिल्ला परत मिळवला. शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख 25 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पक्षाला राज्यभरात मिळालेली ही एकुलती एक जागा. त्याआधी दोन वर्षे हाच तालुका तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या गुवाहाटीहून झालेल्या एका फोनवरच्या बोलण्यातल्या झाडी-डोंगरांपुरता उरला होता. साठ वर्षांचा निवडणुकांचा इतिहास असलेल्या मतदारसंघाची ओळख एका घराण्यावर आणि एका संवादावर भागवली जाते, याचा मला मनापासून राग येतो. या दोन्ही गोष्टींत मतदार कुठेच नाही.

बाबासाहेबांचे आजोबा गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, हे बहुतेकांना पाठ आहे. 1962 मध्ये पहिल्यांदा, 2014 मध्ये शेवटचे. पण या यादीत ज्या दोन निवडणुका नाहीत, त्यांच्याकडे कोणी वळत नाही. 1972 मध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे यांनी त्यांना हरवले. 1995 मध्ये काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांनी हरवले, तेही अवघ्या 192 मतांनी. गणपतरावांवर जीव असलेल्या तालुक्याने त्यांना दोनदा घरी बसवले. या मतदारसंघाचा इतिहास त्या दोन वर्षांपासून वाचायला हवा, असे माझे मत आहे.

या पराभवांसाठी दिले जाणारे लाटेचे स्पष्टीकरण फार वेळ टिकत नाही. 1972 ला ते लागू पडेल, पण 1995 मध्ये राज्यात काँग्रेसची सत्ता जात असताना सांगोला काँग्रेसकडे गेला होता. साधेपणाचे, एसटीने फिरणाऱ्या आमदाराचे स्पष्टीकरण आदर व्यक्त करायला ठीक आहे. पण 1995 मध्येही ते तितकेच साधे होते.

खरा वाद जातीच्या गणिताशी आहे, कारण ते शहाण्यासुरत्या माणसांनाही पटते. मांडणी अशी: तालुक्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्या समाजाचे, म्हणून ते निवडून येत, समोर मराठा उमेदवार एकवटला की पडत. वाहिन्यांवर यासाठी तक्ते येतात, त्यात समाजागणिक मतदारांचे आकडे असतात. हे आकडे येतात कुठून? मतदार यादीत जात लिहिलेली नसते. जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जातींची मोजणी 1931 नंतर प्रसिद्ध झालेली नाही. म्हणजे तक्त्यातला प्रत्येक आकडा कोणाचा तरी अदमास असतो आणि अदमास बांधणाऱ्याला निकाल बहुतेक वेळा आधीच माहीत असतो.

तरीही आकडे खरे धरून चालू. 1972 मध्ये हरलेले गणपतराव, काकासाहेबांच्या निधनानंतर 1974 मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत जिंकले. दोन वर्षांत तालुक्यातले जातींचे प्रमाण बदलले का? 1995 मध्ये 192 मतांनी गेलेली जागा 1999 मध्ये परत आली. चार वर्षांत कोणता समाज वाढला, कोणता घटला? 2019 मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. तेच आडनाव, तोच समाज, तोच पक्ष. ते 768 मतांनी पडले. पाच वर्षांनी दुसरे नातू मोठ्या फरकाने आले. जे बदलत नाही ते बदलाचे कारण असू शकत नाही, एवढे साधे तर्कशास्त्र इथे पुरते. आणखी एक गोष्ट या गणितवाल्यांना अडचणीची आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभा केलेला शेतकरी कामगार पक्ष पश्चिम महाराष्ट्रात प्रामुख्याने मराठा शेतकऱ्यांमध्ये वाढला. त्या पक्षाने धनगर समाजातला एक वकील पुढे केला आणि गावोगावच्या इतर समाजांनी त्याला मते दिली. हे गणित त्या मतांपाशी येऊन थांबते.

जात काहीच करत नाही, असे मी म्हणत नाही. एखाद्या उमेदवाराची सुरुवात कुठून होते हे ती सांगते. शेवटच्या दोनशे किंवा सातशे मतांविषयी ती मुकी आहे, आणि सांगोला वारंवार तिथेच ठरला आहे.

म्हणून मला एक फरक महत्त्वाचा वाटतो: एखाद्याला निवडत राहणे वेगळे आणि हरवलेल्याला परत आणणे वेगळे. निवडत राहण्यामागे सवय असू शकते, समाज असू शकतो, समोर तोडीचा माणूस नसणेही असू शकते. परत आणण्यासाठी मतदाराने दोघांचा कारभार पाहिलेला असतो आणि स्वतःचाच आधीचा निर्णय तो फिरवतो. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले, ओमन चांडी पुथुपल्लीतून 12 वेळा. संख्येने दोघेही गणपतरावांच्या पुढे. त्यांचे मोठेपण मान्य करूनही म्हणतो, त्यांच्या मतदारांवर हा निर्णय फिरवायची वेळ कधी आली नाही. सांगोल्यावर ती दोनदा आली. गणपतरावांच्या 11 विजयांपैकी 1974 आणि 1999 हे दोनच मला खऱ्या अर्थाने बोलके वाटतात.

मतदाराने तुलना कशाची केली असेल, याचे उत्तर तालुका पाहिलेल्याला शोधावे लागत नाही. माण नदी बहुतेक काळ कोरडी. कापूस न पिकवणाऱ्या या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने गणपतरावांनी दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. टेंभू, म्हैसाळ या योजना रखडत आल्या, हेही खरे. त्या रखडण्याची किंमत त्यांनी मतांत मोजली असेल, असेही मला वाटते. पण आमदारकी असो वा नसो, ते या प्रश्नाला धरून राहिले. 1995 नंतरच्या चार वर्षांत लोकांनी हेच पाहिले असणार.

माझी कसोटी शहाजीबापूंनाही लावली पाहिजे. 1995 नंतर गणपतरावांसमोर ते पुन्हा जिंकू शकले नाहीत. 2019 मध्ये जिंकले ते गणपतराव रिंगणात नसताना. तेही परत आणणेच होते आणि त्यामागच्या चिकाटीला मान द्यावा लागतो. पण ज्याने हरवले होते त्याला हरवून आलेले ते पुनरागमन नव्हते.

आणि बाबासाहेब देशमुख? तिरंगी लढतीत, महाविकास आघाडीतल्याच शिवसेनेचा (ठाकरे गट) उमेदवार समोर असताना मिळवलेला त्यांचा विजय भक्कम आहे. पण सांगोल्याने त्यांना परत आणलेले नाही, पहिल्यांदा निवडले आहे. त्यांच्या निकालाची तुलना करायचीच असेल तर ती आजोबांच्या 1962 शी करावी, 1999 शी नव्हे.