गुन्ह्याचे वजन कोणत्या तराजूत?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची संगणक-व्यवस्था भेदून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बहुतेक रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी काढण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या हजारो रुग्णांना ई-मेलने धमकी आली : २०० युरो द्या, नाहीतर तुम्ही उपचारांच्या वेळी जे बोललात ते उघड करू. या दोहोंत अधिक गंभीर गुन्हा कोणता?

हिशेबाच्या वहीत उत्तर सोपे आहे. फिनलंडच्या खटल्यात खंडणी वसूल झाल्याचे सिद्ध झाले ते अवघ्या २० जणांच्या बाबतीत.

सेमिनरीत आम्हांला चोरीचे पाप शिकविताना परतफेडीवर फार भर दिला जाई. पश्चात्ताप खरा असेल, तर चोरलेले परत केले पाहिजे. पैसा मोजता येतो, म्हणून भरूनही देता येतो. कॉसमॉसने तर ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचे जाहीर केले होते. पण उघड झालेले गुपित परत कसे करावे? त्याच्या किती प्रती निघाल्या, हे चोरालाही ठाऊक नसते. पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना या ओझ्याची थोडीफार कल्पना आहे. सख्ख्या भावाला न सांगितलेले माणूस एका विश्वासाच्या जागी ठेवतो आणि हलका होतो. इथे ती जागाच फोडली गेली.

एप्रिल २०२४ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने आरोपीला सहा वर्षे तीन महिन्यांची कैद सुनावली. खासगी माहिती पसरविल्याचे नऊ हजारांहून अधिक गुन्हे त्याने एकेका माणसागणिक वेगळे मोजले. हे मला रास्त वाटते.

मात्र हेतूही पाहावा लागतो. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने हजारो संगणक ठप्प केले. नुकसान करण्याचा आपला इरादा नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. त्याला तुरुंगाऐवजी दंड आणि ४०० तासांची समाजसेवा मिळाली. वास्तामोच्या खंडणीखोराला अशी सबब नव्हती. कोणती गोष्ट कुणाला कुठे दुखेल, हे जाणणे हेच त्याचे भांडवल होते.

आणि दप्तरे नीट न सांभाळणाऱ्यांचे काय? संस्थेला २०२१ च्या अखेरीस ६ लाख ८ हजार युरो दंड झाला. तोवर तिचे दिवाळे निघाले होते.