गाडीखाली वाकताना

१९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १९० प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी वाचावं. धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, हे कुणालाही सुचेल. पण हे कलम त्याच्या एक पाऊल पुढे जातं. चालवणाऱ्याला ठाऊक असलेला दोष त्यात येतोच, शिवाय साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही येतो. म्हणजे ‘मला काय माहीत’ ही पळवाट आधीच बुजवलेली आहे. हे वाचलं तेव्हा मला आठवले ते आमच्या ऑल्टोच्या पुढच्या चाकांमागचे करंगळीएवढे दोन रबरी पाईप. ब्रेकचे होज पाईप. गाडीला दहा वर्षं उलटलेली, आणि ते पाईप कंपनीतून आले तेच.

कायदा इतका चोख, पण तपासायला येतो कोण? रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांना ठरावीक मुदतीने पासिंगला न्यावं लागतं, अधिकारी गाडी बघतो. खासगी गाडीची नोंदणी सरळ पंधरा वर्षांची. पीयूसीवाला धूर मोजतो, विम्याचं नूतनीकरण तर फोनवरच उरकतं. एमएच ०७ची पाटी लावून मी पंधरा वर्षं फिरलो तरी गाडीखाली कुणी वाकेल अशी सक्ती नाही. तेव्हा हा मामला माझ्यापुरता, आणि माझ्यापाशीच.

होज पाईप लागतो कशाला? इंजिनाजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत ब्रेक ऑइल लोखंडी नळीतून जातं. पण चाक खड्ड्यात वरखाली होतं, पुढचं तर डावी-उजवीकडे वळतंही. तिथे लोखंडी नळी टिकणार नाही, म्हणून शेवटच्या वीतभर अंतरात रबर. आत रबर, मध्ये धाग्यांची वीण, वर पुन्हा रबर. करकचून ब्रेक मारला की त्यात टायरमधल्या हवेच्या तीसपट तरी दाब येतो. या रबराला ऊन आहे, चिखल आहे, आणि आमच्याकडे खारा वारा. मालवणात खिडकीचा गज गंजतो, कुलूप गंजतं, देव्हाऱ्यामागचा खिळासुद्धा गंजतो. पाईपच्या टोकांना दाबून बसवलेल्या लोखंडी टोप्या तेवढ्या सुटतील कशा? शिवाय तारकर्ली-देवबागला पाहुण्यांची हौस म्हणून गाडी वाळूपर्यंत न्यायची आणि घरी आल्यावर धुवायची ती वरून.

साधी काळजी म्हणजे तरी काय? स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, बॅटरी घेऊन चाकामागे बघायचं. पाईप किंचित वाकवून भेगा दिसतात का, कुठे फुगवटा आहे का, ओलसर आहे का, चाकाला किंवा पत्र्याला घासतोय का. पाच मिनिटांचं काम. वाकायला कंबर साथ देत नाही ही सबब मला वयाने दिली आहे, पण चष्मा कपाटाखाली गेला तर मी वाकतोच की.

मग टाळाटाळ का होते, याचा छडा लावायला बसलो. पहिलं कारण लगेच सापडलं: गाडी फिरते किती! बाजारपेठ, कधी कुडाळ, रविवारी आचरा. या रस्त्यांवर वेग तो कसला? दुसरं कारण जरा शिकलेलं आहे. आजच्या छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात, बहुधा तिरक्या: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकीवर, उरलेली दोन दुसरीवर. एक पाईप फुटला तरी अर्धा ब्रेक शिल्लक राहतो. हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच जास्त सोयीचं. अर्ध्या ब्रेकवर गाडी थांबायला किती लांब जाते, हा पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो.

पैशांचं कारण तर काढूच नये. दोन्ही पुढच्या पाईपांचा खर्च चौघांच्या सुरमई थाळीच्या आसपास. सीट कव्हर घेताना मी कुणालाही विचारलं नव्हतं. कव्हर दिसतं, शेजारी बरं म्हणतो. होज पाईपाला बरं म्हणणारा शेजारी अजून जन्माला यायचा आहे.

खोलात गेल्यावर जे सापडलं ते तितकंसं गमतीचं नाही. ब्रेकचा विचार करताना मनात येणारी माणसं मी ओळीने आठवून पाहिली. आधी मी. मग घरचे. मग गाडीचं नुकसान, दुरुस्ती, विमा. कुंभारमाठाकडून मालवणात उतरताना कडेने चालणारी शाळेतली पोरं, माशांची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, ही या यादीत आली खरी, पण मी मुद्दाम बोलावली तेव्हा. या पोरांनी माझ्या पाईपाला कधी संमती दिली होती?

इथे मला आमचे मच्छीमार आठवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात किनाऱ्यावर जाळी उसवतात, शिवतात, दोर हाताखालून घालून बोटांनी तपासतात, कुजका भाग कापून टाकतात. पासिंगवाला येणार म्हणून कुणी हे करत नाही. दोर तुटला तर समुद्रात आपणच असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या बाबतीत दोर माझा आणि समुद्रात दुसरा. काळजी त्यामुळे वाढायला हवी होती, माझी ती कमी झाली. का, याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मला आवडत नाही.

पाईप बदलायचे म्हटल्यावर आमचा मेकॅनिक म्हणाला, “ब्रेक लागता मा? मग कित्याक हात लावतास?” चांगला माणूस. अर्धा जिल्हा याच वाक्यावर चालतो, आणि मी त्याच्याकडून हेच ऐकायला आलो होतो की काय, अशी शंका मला तिथेच आली. तरी काम झालं. पाईपाच्या टोकाचे तांब्याचे वायसर नवे घातले, जुने दाबून चपटे झालेले असतात. पाईपाला पीळ बसला नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं. मग एअर काढायचा कार्यक्रम. मी पेडलवर, तो चाकापाशी. “मार, मार, मार... धर!” निपलातून बुडबुडे येत राहिले, मग काळपट ऑइल, मग स्वच्छ. ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हेच. त्यात साधं इंजिन ऑइल पडलं तर रबर फुगून वाया जातं. आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आमच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, पाणी मुरलं की ही हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आंबोलीचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर तेवढी उष्णता कठीण नाही. वाफ दाबली जाते, मग पेडल तळाला.

डाव्या बाजूचा जुना पाईप त्याने माझ्यासमोर पात्याने उभा चिरला. बाहेरून एक भेग नाही. आतलं अस्तर सुजून भोक टाचणीएवढं उरलेलं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परत मात्र लवकर यायचं नाही, म्हणून ते चाक अधूनमधून गरम लागत असे. “भायरसून बरो दिसता, आतसून गेलो हा,” तो म्हणाला. यावर एखादं प्रवचन सहज झालं असतं. आम्ही चहा घेतला. संध्याकाळपर्यंत चार जणांना मी पाईप बदलल्याचं सांगून झालं होतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी विचारलंही नव्हतं.

मागचे पाईप राहिलेत. तिथल्या लोखंडी नळीचा नट गंजून बसला आहे. “जोर केलय तर पाईप तुटतलो,” असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. नट फिरवताना नळीच पिळून तुटते, मग ती नळीही नवी करावी लागते. तेव्हा काम थांबवणं शहाणपणाचं होतं. पण थांबवायला मी जरा लवकरच ‘हो’ म्हटलं का? त्या क्षणी मला नळी वाचवायची होती, की घरी जायची घाई होती? दोन्ही होतं. किती कोणतं, हे मोजता येत नाही.

चतुर्थी झाली की भाचा बायको-मुलीला घेऊन आंबोलीमार्गे बेळगावला जाणार आहे, गाडी आमची. मागची नळी कुडाळहून मागवली आहे. ती वेळेत बसली नाही तर त्याला एसटीने जायला सांगणार आहे. तो चिडेल, बहीण फोन करेल, आणि ‘ब्रेक तर लागतोय ना’ हे वाक्य मला तिच्याकडून ऐकावं लागेल.