दुसऱ्याचे प्रारब्ध

पुंडलिकनगरातील आमच्या गल्लीची रुंदी इतकी बेताची आहे, की भाजीची हातगाडी आणि शाळेची रिक्षा समोरासमोर आल्या म्हणजे दोघांपैकी एकाला तरी विवेक सुचावा लागतो. अशा या गल्लीत एके संध्याकाळी माझा भाचा एक लांबलचक रुपेरी मर्सिडीज घेऊन आला आणि तिच्या नाकावरचा तो तीन टोकांचा तारा आमच्या फाटकाच्या कडीपासून वीतभर अंतरावर स्थिरावला. गाडी त्याची नव्हती. दलालाने एक दिवस चालवून पाहण्यासाठी दिली होती. "मामा, पाच लाखांत मिळतेय," तो म्हणाला, "तीन आहेत माझ्याकडे. दोन तुमच्या ठेवीतून द्या, वर्षात फेडतो." आयुष्यभर संस्कृत शिकवून जी काही ठेव साठली, तिच्यावर एखादा तारा उगवेल अशी कल्पना मी स्वप्नातही केली नव्हती, म्हणून होकार वा नकार न देता मी कागदपत्रे पाहू इच्छितो एवढेच म्हणालो. शिक्षकाची जात कागदावर विश्वास ठेवते.

या गाडीला एक वंशावळही जोडलेली होती. ऑक्टोबर 2010 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा अनेक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या; व्यवहार सुमारे 65 कोटींचा, म्हणजे सरासरीने गाडीमागे 43 लाखांच्या आसपास, आणि त्यातील मोठा भाग स्टेट बँकेने कर्जाऊ दिलेला. आपले शहर मागासलेले नाही हे जगाला कळावे, असा त्या खरेदीमागचा एक उघड हेतू होता आणि तो सफलही झाला, कारण त्या दिवसांत देशभरातील वर्तमानपत्रे या मराठवाड्यातील शहराचे नाव आश्चर्याने छापीत होती. दलालाचे म्हणणे असे, की ही गाडी 'त्या दीडशेतली'. नोंदणी 2010 चीच होती एवढे खरे. बाकी, गडावरच्या प्रत्येक तोफेला जशी एखादी लढाई चिकटवलेली असते, तशी शहरातल्या त्या सालच्या प्रत्येक मर्सिडीजला ही कथा आता चिकटली असावी.

मोटारीच्या वार्धक्याची मोजदाद आपल्याकडे किती निरनिराळ्या दफ्तरांत होते, हे त्या निमित्ताने मला प्रथमच उमगले. मोटार वाहन कायदा केवळ काळ मोजतो: 15 वर्षांनी नोंदणीची मुदत संपते, तपासणी होऊन पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते, आणि 1 एप्रिल 2022 पासून मोटारगाडीच्या या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेले आहे. बाजार काळापेक्षा किलोमीटर अधिक मानतो. विमा कंपनीचा घसारा तर द्रव्याप्रमाणे बदलतो: भाग बदलण्याची वेळ आली म्हणजे रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक यांच्या किमतीतून सरसकट निम्मी रक्कम वजा होते, धातूच्या भागाचा घसारा गाडीच्या वयाबरोबर चढत जातो, आणि काचेला मात्र घसारा शून्य! काच कधी म्हातारी होत नाही, ती एके दिवशी फुटते, हे तत्त्व कोणा अज्ञात विमातज्ज्ञाने किती शांतपणे लिहून ठेवले आहे!

परंतु या साऱ्या हिशेबांच्या बाहेर आणखी एक हिशेब उरतो, आणि तो गारखेड्याच्या बाजूला शेड टाकून बसलेल्या एका मिस्त्रीने आम्हांला समजावून दिला. त्याने इंजिनाकडे पाहण्याआधी दार उघडून ब्रेकच्या पायट्यावरचे रबर अंगठ्याने चाचपले, स्टीअरिंगच्या चामड्यावरून हात फिरवला, चालकाच्या आसनाची बाहेरची कड पाहिली आणि मग मीटरकडे पाहून तो हसला. मीटरवर 78,000 होते. "साहेब, मीटर मागं नेता येतं. पायाखालचं रबर कोण मागं नेणार?" मग जाता जाता तो आणखी एक वाक्य बोलला, जे मी वहीत टिपून ठेवले आहे: "गाडी पाच लाखांची झाली, पण तिचा पार्ट अजून पन्नास लाखांच्या गाडीचाच येतो." भाव उतरतो, मान उतरत नाही, वैभव विकले गेले तरी वैभवाचा तगादा खरेदीदाराच्या नावावर चढतो. संस्थाने विलीन झाल्यानंतर मोठमोठे वाडे स्वस्तात घेणाऱ्यांनाही, मला वाटते, हाच अनुभव आला असेल.

त्या रात्री मी गाडीच्या कप्प्यातली चामडी पाकिटे घेऊन बसलो. दौलताबादच्या किल्ल्यावर किल्लेदार जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथांनी हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी सारी रात्र दिव्यापाशी जागून काढली, आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. माझी योग्यता ती नव्हे, आणि दिवाही विजेचा होता; परंतु पहाटेच्या सुमारास माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांत अडकलेली, चाकांच्या अलाइनमेंटची एक पिवळी पडलेली पावती माझ्या हाती लागली. सन 2018. किलोमीटर: 1,32,000. टाळी मी वाजवली नाही, पण ती कथा मात्र मला त्या क्षणी नव्याने कळली. पैमध्ये असे काय होते, की त्यासाठी माणसाने रात्र जागवावी? पै महत्त्वाची नव्हती. जे घडले ते घडले म्हणून नोंदले जावे, ही निष्ठा महत्त्वाची होती.

आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताची चर्चा करताना दोन दोषांची जोडी वारंवार सांगितली आहे: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते लोपले, तर तो पहिला दोष. न केलेल्या कर्माचे फळ कपाळी आले, तर तो दुसरा. ज्या जगात हे दोष संभवतील ते जग न्यायशून्य होय, म्हणून कोणत्याही मताला या दोहोंपासून स्वतःची सुटका करून दाखवावी लागते. अनेक वर्षे ही जोडी मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. पण हे दोष नेहमी जोडीनेच का येतात, याचा उलगडा मला त्या पिवळ्या पावतीने केला. मीटर मागे फिरवणाऱ्याने निदान 54,000 किलोमीटरांचा प्रवास पुसला, म्हणजे कृतनाश केला. परंतु पुसलेला प्रवास आकाशात विरला नाही, तो गिअरबॉक्सच्या तेलात, इंजिनाखालच्या रबरी आधारांत, पाण्याच्या पंपात जसाच्या तसा शाबूत राहिला, आणि एके दिवशी पैठणच्या रस्त्यावर भर उन्हात तो माझ्या भाच्यापुढे उभा राहिला असता. एकाचा कृतनाश तोच दुसऱ्याचा अकृताभ्यागम. कर्म नष्ट करता येत नाही, फार तर ते दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करता येते. आणि असत्याची सारी कला या वर्ग करण्यातच आहे.

येथे कोणी म्हणेल, की खरेदी हे खरेदीदाराचेच कर्म आहे, त्याला तारा स्वस्तात हवा होता, मग फळही त्याचेच. हे उत्तर वकिली आहे, तात्त्विक नव्हे. ज्याला 78,000 सांगितले त्याने 78,000 चेच ओझे पत्करले. उरलेले त्याच्यावर लादले गेले. परंतु पावती सापडल्यावर, खरा आकडा समोर ठेवून, तोच माणूस तीच गाडी घेईल, तर मात्र परिस्थिती मुळापासून बदलते: आता दुसऱ्याचे कर्म त्याने जाणून स्वीकारले आहे, आणि जाणून स्वीकारलेले दुसऱ्याचे प्रारब्ध हे स्वतःचे क्रियमाण होते. वस्तू तीच, दोषही तेच. मध्ये फक्त ज्ञान आले.

आणि गाडी तीच हे तरी कशावरून? हा प्रश्न विचारण्यासाठी आमच्या शहराइतके योग्य स्थळ क्वचितच असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. ज्या यवन राजाने प्रश्न विचारले तो विद्यार्थी आणि ज्या भिक्षूने उत्तरे दिली तो आचार्य, दोघेही येथे एकत्र नांदतात. मिलिंद राजा रथातून आला होता, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले, की आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, लगाम, दांडी? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला आणि अखेर रथ हे केवळ या साऱ्यांच्या जुळणीवर ठेवलेले नाव आहे, असे त्याला कबूल करावे लागले. परंतु नाव केवळ व्यवहारापुरते आहे, म्हणून जबाबदारी संपली, असे मात्र नागसेन म्हणू देत नाही. ज्याच्या दिव्याची ज्योत छपराला लागून सारे गाव जळाले, त्याने 'ज्याच्या उजेडात मी जेवलो तो दिवा निराळा, गाव जाळणारी आग निराळी' असे म्हटले, तर ते कोणी ऐकून घेईल काय? तीच नव्हे, आणि दुसरीही नव्हे. एकातून दुसरी निघाली एवढे खरे. पहिल्या मालकाने न बदललेले तेल आणि आज घासलेले इंजिन यांचा संबंध नेमका हा आहे.

या विचाराने भीती वाटावी तर उलट दिलासा मिळतो. वेरूळचे कैलास एकाच खडकातून वरून खाली कोरलेले, त्याला सुटा भाग नाही. म्हणून प्रांगणातील हत्तीची तुटलेली सोंड तुटलेलीच राहिली. जे जोडलेले आहे, त्याचीच दुरुस्ती होऊ शकते. शिवाय, पहिला मालक असा या जगात आहे तरी कोण? गुडघे वडिलांचे, रागीटपणा आजोबांचा, गल्ली नगररचना न पाहता बांधून गेलेल्यांची, आणि नळाला काही दिवसांआड येणारे पाणी कोणा पूर्वसूरींच्या दिरंगाईचे: हे सारे आपण बयाणा न देता, कागद न पाहता घेतले आहे. वेदान्ती याचा हिशेब पूर्वजन्माकडे लावतात, बौद्ध अखंड प्रवाहाकडे. त्यांचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याच्या हाती आज वस्तू आहे त्याने तिला सांभाळावे, याबद्दल दोहोंत तंटा नाही.

दुसऱ्या दिवशी पावती पाहून दलाल यत्किंचितही वरमला नाही. मीटर कमी केले होते, आता भाव कमी करतो, अशा सहजतेने त्याने 70,000 रुपये उतरवले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "खरेदीला मी एक पैसाही देणार नाही. पण घेतलीस, तर दोन लाख तिच्या दुरुस्तीसाठी निराळे ठेवीन. मिस्त्रीच्या बिलाखेरीज त्याला हात लावायचा नाही."

हे मला सुचले ते आमच्या वसाहतीच्या नावामुळे. ते कोणी कोणत्या पुंडलिकावरून ठेवले असेल ते असो. मराठी माणसाच्या कानाला पुंडलिक एकच. जीर्ण झालेल्या आईबापांचे पाय चेपीत असताना दाराशी साक्षात देव आला, तरी त्याने हातातले काम सोडले नाही, वीट पुढे सारली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. दर्शन थांबू शकते. सेवा थांबत नाही. नवी मोटार ही दर्शनाची वस्तू आहे, जुनी मोटार सेवेची; आणि पंधरा वर्षांची मर्सिडीज दर्शनाच्या हौसेने घेणारा मनुष्य पहिल्याच पावसाळ्यात दुःखी होतो.

भाचा बराच वेळ बोलला नाही. त्याने मनातल्या मनात कसली तरी बेरीज केली असावी. आदल्या दिवशी त्याने मिस्त्रीला विचारले होते, की ही ताशी किती पळते, आता त्याने फोन लावला आणि विचारले, "भाऊ, हिला आधी काय काय लागेल?" मी ठेवीचा कागद शोधायला आत गेलो.